एअर रायफलच्या नळीत छरे अडकले तेव्हा

खटका दाबल्यावर आवाज नेहमीसारखा आला नाही की हात थांबलाच पाहिजे, हे आमच्याकडे रेंजवर सुरुवातीलाच शिकवतात. नववीतल्या त्या मुलीने ते तंतोतंत पाळलं. नुसतं फुस्स झालं, टार्गेटच्या कागदाला भोक नाही. तिने नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून रायफल टेबलावर टेकवली, हात वर केला आणि म्हणाली, "सर, छर्रा बाहेर आलाच नाही."

कोल्हापुरात शाळकरी मुलांच्या सरावाच्या रायफली मी सांभाळतो. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून एकेका रायफलीवर पाळीपाळीने कितीतरी मुलं हात बसवतात. दोन-अडीच लाखांची वस्तू प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणून सामायिक रायफलीच्या नळीवर एक ओरखडा म्हणजे अनेक मुलांचं नुकसान, असं मी मानतो.

बघता बघता सल्ले सुरू झाले. कुणी सायकलचा स्पोक आणायला निघालं, कुणी छत्रीची काडी सुचवली, एका पालकांनी तर सांगितलं, "अजून एक छर्रा घाला, मागचा पुढच्याला ढकलेल." हा शेवटचा सल्ला सगळ्यांत वाईट. छर्रा शिशाचा असतो, मऊ. मागून दुसरा आदळला की पुढचा फुगून नळीतल्या खाचांमध्ये आणखी घट्ट बसतो.

आधी रायफल निर्धोक करणं. दाबलेल्या हवेचा सिलिंडर आटे फिरवून काढला, पण तेवढ्याने भागत नाही. हवेचा दाब सारखा ठेवणार्‍या रेग्युलेटरच्या पुढच्या कप्प्यात हवा उरलेली असते आणि तेवढी हवाही छर्रा उडवू शकते. नळी टार्गेटकडे धरून, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत खटका ओढला. मग सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालतात ती, नारिंगी नायलॉन दोरी आत घातली. एअर रायफलसाठी ही दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार दिसली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो किती शहाणपणाचा आहे ते अशा वेळी कळतं. दोरी मध्येच अडली.

हत्यार निवडण्याआधी काय अडकलंय आणि कुठे, हे कळायला हवं होतं. पुढची पोकळ नळी फिरवून काढली. ती नेम धरायची पुढची माशी लांब ठेवण्यासाठी असते, खरी बॅरल तिच्या मागे, बरीच आखूड. दोरी पुढून टेकेपर्यंत घातली, तोंडाशी चिकटपट्टीची खूण केली, तसंच मागच्या बाजूने केलं. दोन्ही मापांची बेरीज बॅरलच्या लांबीपेक्षा दहा-अकरा मिलिमीटरने कमी भरली. एक छर्रा साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आत दोन होते, आणि मागच्या टोकाच्या जवळ होते. आधीच्या मुलाने छर्रा भरून जागा सोडली होती, त्यावर हिने दुसरा भरला. सिलिंडरच्या गेजचा काटाही लाल पट्ट्यात गेलेला, म्हणून दोघांना बाहेर काढण्याएवढा जोर हवेत नव्हता.

आता सळई. पोलादी सळई मी विचारातही घेतली नाही. तिने खाचा खरवडल्या जातात, आणि त्याहून नाजूक म्हणजे नळीच्या तोंडाची कड. छर्रा नळीला शेवटचा स्पर्श तिथे करतो. ती कड एका बाजूने जरी दुखावली तरी हवा वाकडी सुटते आणि छर्रा कलतो. लाकडी काठी मऊ खरी, पण ती तिरकी तुटते आणि तुटलेलं टोक आत पाचरीसारखं बसतं. अॅल्युमिनियमच्या मऊ अंगात कचर्‍याचे कण रुतून बसतात. पितळ पोलादापेक्षा मऊ, शिशापेक्षा टणक, आणि पुसून घेतलं की स्वच्छ. ते ठरलं.

उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. "सर, एवढ्यासाठी पितळ कशाला? लोखंडी गज देतो की," तो म्हणाला. नळीचं सगळं प्रकरण सांगितल्यावर मात्र त्याने जीव ओतून काम केलं. नळी ४.५ मिलिमीटरची, म्हणून सळई ४ मिलिमीटरची घेतली. ३ मिलिमीटरची वाकते आणि तिचं टोक शिशात घुसून छर्रा आणखी फुगवतं. चाराची आत वाकायला जागाच उरत नाही. टोक टोकदार नको, सपाट, फक्त कडेची धार घालवलेली. शिवाय तोंडावर बसेल असा नायलॉनचा छोटा बुश त्याने करून दिला, म्हणजे सळई मधोमध राहते आणि कडेला लागत नाही.

पुढून मागे ढकलायचं ठरवलं, कारण रस्ता तोच जवळचा होता. दुसरं म्हणजे छर्‍याचं डोकं भरीव आणि मागचा भाग पोकळ घेरासारखा असतो. मागून रेटलं तर तो घेर पसरतो, पुढून रेटलं तर जोर डोक्यावर पडतो. तोंड वर धरून बंदुकीच्या तेलाचा एक थेंब पुढून सोडला. गंज सोडवणारा स्प्रे टाळला, मागच्या रबरी ओ-रिंगला तो मानवत नाही. रायफल पॅडवर आडवी, हातोडी नाही, सळई तोंडाजवळच धरून तळहाताने थोडं थोडं दाबत गेलो. बराच वेळ काही हललं नाही. मग एकदम सैल पडलं आणि दोन्ही छरे एकमेकांत रुतलेले, भरण्याच्या खोबणीत येऊन पडले.

नंतर फेल्टने नळी कोरडी पुसली, टॉर्च लावून आत पाहिलं, दोरी आरपार गेली. सिलिंडर भरून, रायफल टेकवून एकाच जागी लागोपाठ छरे मारून बघितले. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, नळी दुखावली असती तर कागदानेच सांगितलं असतं. छरे पूर्वीसारखेच एकात एक पडले. आता जागा बदलताना दोरी आरपार दाखवल्याशिवाय रायफल पुढच्या मुलाच्या हातात जात नाही, आणि गेज मी सरावाआधी स्वतः बघतो.

हे सगळं हवेच्या रायफलीपुरतं. ५० मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलीत दारू असते. तिथे दबका आवाज आला तर नळी टार्गेटकडेच रोखून थांबायचं, लगेच बोल्ट (गोळी भरायची मागची कडी) उघडायचा नाही, आणि पुढची गोळी तर अजिबात नाही. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळली की नळी फुगते किंवा फुटते. तिथे मी ही सळई काढत नाही. अशी रायफल परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणार्‍याकडेच जाते.