सिली आजी

रविवार, रात्री दहा

फेब्रुवारी संपत आला तरी गंगापूर रोडला रात्री अजून शाल लागते.

संध्याकाळी नातीला घेऊन द्राक्षं आणायला गेले. गाडीवाला म्हणाला, "मावशी, पिंपळगावचा माल आहे. वरपासून खालपर्यंत एकच." मी म्हटलं, बरं. घरी येऊन खोकं उपडं केलं, तर वर चार देखणे, टणक घड आणि खाली नुसते सुटे मणी. काहींच्या देठाशी तपकिरी डागसुद्धा. नात (इयत्ता तिसरी, इंग्रजी माध्यम) कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, यू आर सो सिली!"

राग नाही आला, पण शब्द डोक्यात बसला. विचारलं, "सिली म्हणजे काय गं?" म्हणाली, "स्टुपिड नाही हं. स्टुपिड बॅड वर्ड आहे. सिली म्हणजे... क्यूटवालं स्टुपिड." एवढं नेमकं कोशातसुद्धा सापडलं नाही.

कोशात मात्र त्या शब्दाचं पूर्वायुष्य सापडलं. जुन्या इंग्रजीत तो 'सेलिग' होता, म्हणजे सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'झेलिग' अजून त्याच पायरीवर उभा आहे. इंग्रजीतला मात्र घसरत गेला. कृपावंताचा निष्पाप झाला, मग बिचारा, मग दुबळा, आणि १६ व्या शतकाच्या सुमारास खुळा. शेक्सपिअरच्या मेंढपाळाची 'सिली' मेंढरं खुळी नाहीत, आपण गरीब गाय म्हणतो तशी गरीब आहेत.

आपण तरी काय वेगळं केलं? त्र्यंबकेश्वराच्या रांगेत तासन्‌तास उभं राहून 'भोळा सांब' म्हणत हात जोडायचे आणि घरी कुणी फसून आलं की त्याच तोंडाने 'भोळसट कुठली' म्हणायचं. 'देवमाणूस' तर हल्ली मी व्यवहारातून बाद झालेल्या माणसाबद्दलच ऐकते. आमच्या ह्यांना सगळे देवमाणूस म्हणायचे. त्यांनी उसने दिलेले पैसे कधी परत आले नाहीत.

बरं, सिलीला मराठीत म्हणावं काय? मूर्ख फार जड होतं. समर्थांनी इथेच टाकळीला बारा वर्षं तप केलं म्हणतात, त्यांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा एक अख्खा समास लिहिला आणि पढतमूर्खासाठी दुसरा वेगळा. त्या यादीत द्राक्षांपायी जावं असं मला वाटत नाही. बावळट म्हटलं तर तोंडावर शिवी. 'येडी गं येडी' हे जवळ जातं, पण ते म्हणताना गालगुच्चा घ्यावा लागतो.

क्रिकेटमधली सिली पॉइंटची जागा मला आवडते. फलंदाजाच्या पुढ्यात, हात लांबवला तर बॅटला लागेल इतक्या जवळ उभं राहायचं. शहाणा माणूस तिथे जाणार नाही म्हणून ती सिली. एकनाथ सोलकर उभा राहायचा तो शॉर्ट लेगला, नाव वेगळं पण भानगड तीच. हेल्मेट नाही, आणि २७ कसोटींत ५३ झेल! ह्यांना तो आकडा पाठ होता. उसनवारीचा हिशेब तेवढा पाठ नसायचा.

आणि आपल्याकडची ती 'सिली मिस्टेक'. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, दर पालकसभेला ऐकलं, "बाई, येतं हो सगळं त्याला, फक्त सिली मिस्टेक्स होतात." मी ताडकन म्हणायची, "हातचा विसरला तर ती सिली मिस्टेक नाही. बेरीज येत नाही म्हणतात त्याला." मुलं बिचारी खाली बघायची. मार्क कापताना माझा हात कधी अडला नाही.

असो. रोजचा हिशेब लिहायचा राहिलाय.

थॉमसन दोन किलो, ७० ने, १४०. काळी दीड किलो, ११० ने, १६५. गाडीवाला म्हणाला होता, "मावशी, तुम्हीच सांगा किती झाले ते." मी तिथल्या तिथे तोंडी बेरीज करून २०५ सांगितले. त्याने नोटा न मोजता खिशात घातल्या, वर चार मणी नातीच्या हातावर ठेवले.

आत्ता कागदावर मांडलं. ३०५. पुन्हा मांडलं. ३०५च.

शंभराची नोट पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात काढून ठेवलीय. नातीची बस सव्वासातला येते. ती गेली की मग जाईन गाडीवर. बरोबर नको ती.