चिखल तुडवायला आलेले तिघं

२००३ च्या उन्हाळ्यात मी व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये वीटभट्टीवर कामाला होते. अठराव्या शतकातलं व्हर्जिनिया वसाहतीच्या राजधानीचं हे गाव १९२६ नंतर धनाढ्य रॉकफेलरांच्या पैशातून पुन्हा उभं राहिलं. आम्ही तेव्हाचे कपडे घालून तेव्हाच्याच पद्धतीने विटा थापायचो. (त्या घागऱ्यांत जुलै कसा काढला, ते विचारू नका.) चिखल तुडवायचं काम मात्र पाहुण्यांकडून करून घ्यायचो. मुलं खड्ड्यात उतरायची, मोठी माणसं काठावरून फोटो काढायची.

इराकचं युद्ध मार्चमध्ये सुरू झालं होतं. नॉरफोकचा आरमारी तळ आणि फोर्ट यूस्टिसचा लष्करी तळ जवळच, त्यामुळे बारीक केस कापलेले बाप रोजच दिसत.

त्या दिवशीचा मुलगा सहा-सात वर्षांचा, सोबत आई-बाप. गव्हर्नरच्या वाड्याच्या बागेतून ते सरळ आमच्याकडे आले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या लढाईतले जखमी १७८१ मध्ये त्या वाड्यात ठेवले होते. जे वाचले नाहीत, त्यातले १५६ सैनिक त्याच बागेत पुरलेले आहेत.

"ते अजून तिथंच आहेत?" पोराने मला विचारलं.

मी हो म्हटलं. बाप लगेच खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

तिघंही उतरले. तो चिखल पाय गिळतो. उपसताना पचकन आवाज येतो. पोरगं त्या आवाजाला हसत होतं आणि बाप मुद्दाम जास्त आवाज काढत होता. पायाला लागलेला एकेक खडा तो वाकून बाहेर टाकत होता. इतकं मन लावून काम आम्हीही करत नसू.

"याची वीट कधी होणार?"

"आधी थापायची, मग सावलीत वाळवायची. शरदात भट्टी लागते, रात्रंदिवस लाकडं जाळून. तेव्हा तिघंही या बघायला!" हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा म्हणायचे.

"आम्ही दोघं येऊ," बाई म्हणाली.

मी साच्यात वाळू भुरभुरवत राहिले. साचा आधीच कोरडा होता.

बाहेर पाय धुवायला एक टब होता. बापाने आधी पोराचे पाय धुतले, एकेक बोट सुटं करून. मग बायकोचे. स्वतःचे तसेच राहिले. मागे सात-आठ जण चिखलाने माखलेले पाय घेऊन उन्हात उभे होते. घाई करा म्हणणं माझं काम होतं. मी म्हटलं नाही आणि रांगेतूनही कोणी म्हटलं नाही.