हंगामावर निघालेल्या बाळाची तयारी

बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आणि पुढे कर्नाटकात जातात, आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. मी याच जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेत शीघ्र हस्तक्षेपाची विशेष शिक्षिका आहे, म्हणजे जन्मापासून तीन वर्षांपर्यंतची जी बाळे विकासात मागे पडत आहेत किंवा पडण्याची शक्यता आहे, त्यांच्यासोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत मी काम करते. पदविकेच्या अभ्यासक्रमात मी पुष्कळ शिकले, परंतु ज्या कुटुंबाची आणि माझी पाच महिने भेटच होणार नाही, त्या कुटुंबासोबत काम कसे करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

पहिल्या हंगामात माझ्याकडून मोठी चूक झाली. डाऊन सिंड्रोम असलेला एक दहा महिन्यांचा मुलगा आई-वडिलांबरोबर निघाला होता. त्याचे स्नायू सैल होते आणि तो अजून आधाराशिवाय बसत नव्हता. मी त्याच्यासाठी चित्रांसह दोन पानांचा कार्यक्रम तयार करून आईच्या हातात दिला आणि तो सविस्तर समजावूनही सांगितला. एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा आईने देवाच्या तसबिरीमागून ती पाने काढून दाखवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "नीट जपून ठेवलेत, मॅडम," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खरा आदर होता, आणि म्हणूनच मला ते फार लागले. पहाटे चारला उठून फडावर जाणारी आणि गाडी भरून झाल्याशिवाय कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, न परतणारी ती बाई ते दहा व्यायाम दिवसातून तीन वेळा कधी करणार होती, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

दोन वर्षांनंतर ऑगस्टमध्ये माझ्याकडे एक मुलगी आली. तिच्याविषयी मी येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिचा जन्म फेब्रुवारीत, हंगाम चालू असतानाच झाला होता. फडात ऊस तोडताना आईच्या पोटात दुखू लागले आणि 31 व्या आठवड्यात, 1400 ग्रॅम वजनाचे बाळ जन्माला आले. साडेतीन आठवडे ते नवजात अतिदक्षता कक्षात होते. गावी परतल्यावर आईने एका डॉक्टरांना दाखवले, तेव्हा "कमी दिवसांचे आहे, हळूहळू सगळे करील" असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला आले असता सेविकाताईंनी आग्रहाने तिला पुढे केले आणि तेथून ती जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व नंतर आमच्याकडे पोहोचली. अशा बाळांच्या बाबतीत एका शब्दाने कितीतरी महिने जातात, आणि तो शब्द म्हणजे 'हळूहळू'.

कमी दिवसांच्या बाळाचे वय मोजताना, जितके आठवडे ते लवकर जन्मले तितके वजा करावे लागतात. ही मुलगी जन्मतारखेप्रमाणे सहा महिन्यांची होती, पण नऊ आठवडे वजा केल्यावर तिचे वय सुमारे चार महिने भरत होते. त्या हिशेबानेही तिच्या मुठी जरुरीपेक्षा घट्ट मिटलेल्या होत्या, मान अजून डगमगत होती, आणि काखेत धरून उचलले की पाय काठीसारखे ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते. घरच्यांना त्याचा आनंद होता. आजी कौतुकाने म्हणाली, "बघा, आत्तापासून उभी राहायला बघते." ते ऐकून मी लगेच काही बोलले नाही. स्नायूंचा ताठपणा घरच्यांना ताकद वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि आजीचा तो आनंद पहिल्याच भेटीत हिरावून घेण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांनी बाजारातून वॉकर आणायचे ठरवले होते. तेवढे मात्र मी थांबवायला सांगितले, कारण ताठ पायांच्या बाळाला वॉकरमध्ये ठेवले की ते चवड्यांवर रेटत राहते आणि तीच सवय पक्की होते.

निघायला जेमतेम तीन महिने होते. सप्टेंबरात श्रवण आणि डोळ्यांची तपासणी झाली. ऐकणे ठीक निघाले आणि डोळ्यांसाठी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पायांची आणि पाठीची तपासणी करून काय करावे व काय मुळीच करू नये, ते सांगितले. या वेळी मी कागद लिहायला बसले नाही. आई, वडील आणि आजी यांना समोर बसवून मी त्यांच्याकडून फडावरचा एक दिवस ऐकून घेतला: उठायचे किती वाजता, पाणी कोठून आणायचे, बाळ कोणाजवळ, कोपीत की बांधावर, झोळीत किती वेळ, दूध केव्हा, चूल कोण पेटवते. दोन तास गेले. वडील सुरुवातीला दारातच उभे होते, परंतु मोळ्या बांधण्याचा आणि गाडी भरण्याचा क्रम सांगताना तेही येऊन बसले.

त्या दिवसात मोकळा वेळ जवळजवळ नव्हता. त्यामुळे जे काम घरात रोज होणारच आहे, त्याच्यातच जे बसेल तेवढेच ठरवायचे, असे आम्ही मान्य केले. बाळाला कडेवर घेणे तर होणारच होते. कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून कडेवर बसवले की ताठ पाय आपोआप एकमेकांपासून दूर राहतात. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मूल असेच घेत आल्या आहेत. या बाळाला मात्र सगळे जण पाय जुळवून, छातीशी आडवे धरत होते, कारण ते नाजूक आहे अशी भीती दवाखान्यातून सोबत आली होती. मी आजीला एवढेच म्हणाले, "आजी, थोरल्या नातीला जशी घेत होतात, तशीच हिला घ्या." आंघोळीच्या कोमट पाण्याने स्नायू सैलावतात, म्हणून पाय हलक्या हाताने मोकळे करण्याची वेळ आंघोळीनंतरची ठरली. भरवताना मान मागे न टाकता बाळाला उभट बसवायचे होते. आणि संध्याकाळी, चुलीजवळ, तळहातावर मोराला बसवण्याचा खेळ खेळायचा होता, मात्र त्यात एक बदल होता: तळहाताला बोट लावले की थांबायचे आणि बाळ स्वतः मूठ उघडेपर्यंत वाट पाहायची.

हे थांबणे आजीला सर्वांत कठीण गेले. ज्या बाळाचे अंग ताठ असते त्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मोठे माणूस त्याच्या वतीने खेळ उरकून टाकते. मी मनात दहा अंक मोजायला सांगितले. आजी म्हणाली, "मॅडम, मला आकडं येत नाहीत. तुम्ही माझ्या हातानं करून दाखवा." मग मी तिच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून वाट पाहिली. त्या दिवसापासून मी खेळण्यांची पिशवी जीपमध्येच ठेवू लागले आणि बाळाला आईच्या किंवा आजीच्या मांडीवरून स्वतःकडे घेणेही बंद केले, कारण माझ्या हातात बाळ शांत राहिले की घरच्यांना वाटते, हे मॅडमनाच जमते.

ऑक्टोबरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला रात्रभर झोप लागली नाही. सगळी आखणी करताना दिवसभर बाळाजवळ कोण, या प्रश्नाचे उत्तर मी न कळत थोरल्या बहिणीवर टाकले होते. ती आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी मुलगी माझ्या प्रत्येक भेटीत शेजारी बसून सगळे टिपत असे, आणि तिचे हात खरोखरच हुशार होते. पण याच कारणासाठी ती फडावर गेली असती, तर तिची शाळा बुडाली असती. एका मुलीच्या विकासासाठी दुसरीचा विकास गहाण ठेवण्याची योजना मी आखत होते. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती, म्हणजे पालक तोडीला गेलेल्या मुलांची गावातच राहण्या-जेवण्याची व्यवस्था होत असे. मी गुरुजींशी बोलले आणि वडिलांशी दोन वेळा बोलले. शेवटी थोरली गावात राहिली आणि आजी टोळीबरोबर गेली. आजीचे गुडघे दुखत होते. हा निर्णय तिच्यासाठी सोपा नव्हता, हे मला येथे नोंदवले पाहिजे.

नोव्हेंबरात नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची लस दिली, माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासण्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवले, आणि ट्रॅक्टर गेला. पुढचे काम फोनवर झाले. वार ठरवणे शक्यच नव्हते. गाडी उशिरा आली किंवा कारखाना बंद राहिला की वडील फोन लावत. मी "व्यायाम केले का?" हा प्रश्न टाळत असे, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. "काल संध्याकाळी चुलीपाशी काय झाले?" असे विचारले की आजी सविस्तर सांगे. जानेवारीत बाळाला खोकला-ताप आला, आईचा हातही कोयत्याने कापला, आणि तीन आठवडे काहीच झाले नाही. त्या काळात मी फक्त विचारपूस केली.

एप्रिलच्या मध्यावर ती परतली तेव्हा चौदा महिन्यांची, म्हणजे दुरुस्त वयाने बारा महिन्यांची होती. पायांतील ताठपणा गेलेला नव्हता. पुढे तज्ज्ञांनी तो सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या स्थितीचा, पायांना अधिक बाधणारा प्रकार असल्याचे सांगितले, आणि पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे स्प्लिंट घ्यावे लागले. ते ऐकताना आई रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. पण मुठी उघडल्या होत्या. आईच्या हातातील बांगडी घेऊन ती पातेल्यात टाकत होती, आवाज झाला की आजीकडे पाहत होती, आणि आजी दुसरी बांगडी द्यायला मुद्दाम वेळ लावत होती.

ती बसली कशी, हे मी विचारले, कारण बसवण्याविषयी आम्ही फारसे काही ठरवलेले नव्हते. आजीने अंगणात करून दाखवले. फडावर तिने वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, दोन भारे कोपऱ्यासारखे लावले होते, मध्ये पाचटावर गोधडी अंथरली होती, आणि त्या खोबणीत नातीला पाय फाकवून, पुढ्यात घमेले देऊन बसवले होते. दोन्ही बाजूंनी खांद्यांना आधार मिळाल्यामुळे मुलीचे हात पुढे येत होते. आमच्या केंद्रात याच कामासाठी लाकडाची कोपरा-खुर्ची आहे, आणि आजीने ती कधी पाहिलेली नव्हती. मी फोटो काढला, फिजिओथेरपिस्ट ताईंना पाठवला, आणि त्यांनी भाऱ्यांची उंची थोडी कमी करण्याची सूचना केली.

आता मी हंगामावर जाणाऱ्या बाळांची यादी गणपती बसण्याआधीच करते. गेल्या वर्षी त्या यादीत सहा बाळे होती. त्यांपैकी दोन घरांत वाढ्यांची खोबण कशी करायची हे शिकवायला मी आजीला सोबत नेले, आणि जीपमध्ये बसताना तिने विचारले, "पोरगी किती महिन्यांची हाय? आपल्या हिशेबानं की तुमच्या?"