तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपची यादी कोणाकडे असते?

नेटवर्किंगची बॅच कुठलीही असो, मल्टिकास्टचा, म्हणजे एकानं पाठवलेलं एकाच वेळी अनेकांपर्यंत पोचवण्याचा, धडा सुरू झाला की पाच मिनिटांत एक हात वर होतो. "सर, ग्रुपमध्ये कोण कोण आहे, ती यादी नेमकी कोणत्या राऊटरमध्ये असते?" गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

अशी यादी कुठेच नसते.

हे पटत नाही, कारण डोळ्यांसमोर व्हॉट्सॲप असतं. तिथे ॲडमिन असतो, सभासदांची नावं दिसतात, कोणाला घ्यायचं हे कोणीतरी ठरवतं. आयपी मल्टिकास्टमध्ये ग्रुप म्हणजे फक्त एक पत्ता, २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ यांच्यामधला. पाठवणारा त्या पत्त्यावर पॅकेट सोडतो आणि मोकळा होतो. ऐकणारे दहा हजार आहेत की एकही नाही, याचा त्याला पत्ता नसतो. ही मांडणी स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डिअरिंगची. तिचं प्रमाण ठरवणारा आरएफसी १११२ हा दस्तऐवज १९८९ चा आहे आणि आजही गाडा त्याच रुळावरून चाललाय.

पेपरची लाइन आठवा. अंक कोणाच्या दारात पडतो हे छापखान्याला माहीत नसतं. डेपोवरच्या एजंटाला ठाऊक असतं ते एवढंच, की या पोराला एवढे हवेत आणि त्या पोराला तेवढे. फरक असा की इथे गठ्ठा निघतच नाही. एकच अंक निघतो आणि रस्त्याला फाटा फुटला की राऊटर तिथल्या तिथे झेरॉक्स काढतो. ज्या फाट्यावरून मागणी आलेली नाही तिकडे काही जात नाही.

मागणी उलट्या दिशेनं चढते. ज्या राऊटरच्या पदरी ऐकणारा आहे, तो उगमाच्या दिशेच्या शेजाऱ्याला सांगतो, "या ग्रुपचं मला दे." शेजारी त्याच्या पुढच्या शेजाऱ्याला. ज्याच्याकडे तो प्रवाह आधीच येतोय तो भेटला की साखळी थांबते, त्याच्या पलीकडे कोणाला काही कळवायची गरजच उरत नाही. राऊटरांमधल्या या बोलण्याच्या नियमांचं (प्रोटोकॉलचं) नाव पिम. त्यात ही मागणी दर ६० सेकंदांनी पुन्हा करावी लागते, नाहीतर शेजारी थोड्या वेळानं ती पुसून टाकतो. सिस्कोच्या राऊटरवर 'शो आयपी एमरूट' टाइप केलं तर प्रत्येक ग्रुपसमोर मुख्यतः दोन गोष्टी दिसतात: आत कुठल्या बाजूनं येतंय आणि बाहेर कुठकुठल्या बाजूंना जातंय. यादी म्हणायचीच तर ती एवढीच. त्यात एकही नाव नाही.

इथे एक धोका असतो. चुकून रस्त्याचं वर्तुळ झालं तर साधं पॅकेट नुसतं गरगरतं, पण ग्रुपच्या पॅकेटच्या प्रत्येक फेरीत नव्या झेरॉक्स निघतात. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. पॅकेट आलं की राऊटर स्वतःला विचारतो: याच्या उगमाकडे मला जायचं असतं, तर मी याच दारानं गेलो असतो का? हो, तर पुढे पाठव. नाही, तर फेकून दे. नकाशा नाही, कोणाशी सल्लामसलत नाही, फक्त स्वतःचा राऊटिंग टेबल, म्हणजे कुठे जायचं तर कुठल्या दारानं याचा तक्ता. १९७८ साली ही कल्पना मांडणाऱ्या लेखावर दोन नावं आहेत, योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ. मेटकाफ म्हणजे इथरनेटवाले. दलाल आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले, हे मी बॅचला जरा जास्तच अभिमानानं सांगतो.

(पुढचा प्रश्नही ठरलेला: मग मोबाईलवर क्रिकेटची मॅच अशी का येत नाही? खुल्या इंटरनेटवर एका कंपनीच्या ग्रुपची आठवण दुसऱ्या कंपनीच्या राऊटरनं फुकट का ठेवावी, हे भांडण मिटलंच नाही. बंदिस्त जागी मात्र हे मस्त चालतं. राष्ट्रीय शेअर बाजार ब्रोकरांना भावांचा बारीक प्रवाह आधी एकेकाला टीसीपीच्या स्वतंत्र जोडणीनं द्यायचा, म्हणजे रांगेत आधी असेल त्याला आधी. नंतर मल्टिकास्ट आलं. त्या रांगेवरून प्रकरण सेबीपर्यंत गेलं, तो विषय निराळा.)

उरला शेवटचा टप्पा, राऊटर ते खोलीतली मशिनं. इथे राऊटर साधारण दर १२५ सेकंदांनी सगळ्यांना विचारतो, कोणाला काय हवंय? या विचारपुशीच्या प्रोटोकॉलचं नाव आयजीएमपी. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत दहा सेकंदांच्या आत कोणीतरी एक "मला" म्हणतो आणि त्याच ग्रुपचे बाकीचे ते ऐकून गप्प बसतात. आईनं "चहा कोणाला?" विचारावं, एकानं "टाक" म्हणावं, तसं. आधण तर ठेवावंच लागणार. सलग दोन प्रश्नांना कोणीच बोललं नाही, तर तो ग्रुप बंद. दोनदा १२५ आणि वर १०, म्हणजे २६० सेकंद.

हा आकडा मी पुस्तकातून शिकलो नाही.

एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांचं चित्र मल्टिकास्टनं स्क्रीनवर यायचं. एका रविवारी मी तिथला जुना राऊटर काढून नवा फायरवॉल बसवला, सगळं बघितलं, चहा घेतला आणि निघालो. सोमवारी फोन आला: साहेब, चित्र गोठतंय. मी दीड दिवस केबली आणि कॅमेरे तपासत बसलो. रात्रपाळीच्या काकांनी तोवर स्वतःचा इलाज शोधला होता. दुसरा कॅमेरा लावून परत पहिल्यावर आलं की चित्र हलायला लागतं. विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला होता: 'दर ४ मिनिटांनी कॅमेरा बदलणे.'

त्या कागदासमोर उभा राहून मी मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटं वीस सेकंद.

जुना राऊटर गेला आणि त्याच्याबरोबर प्रश्न विचारणाराही गेला. फायरवॉलवर मल्टिकास्ट चालू करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्विच, म्हणजे खोलीतल्या मशिनांच्या केबली जिथे जोडतात तो डबा, बिचारा आपणहून काही विचारत नव्हता. तो राऊटरचे प्रश्न आणि मशिनांची उत्तरं कान लावून ऐकायचा आणि त्यावरून कुठल्या पोर्टला काय द्यायचं ते ठरवायचा. प्रश्नच बंद झाल्यावर उत्तरं कुठून येणार? स्क्रीन जागेवर, काका जागेवर, पण २६० सेकंदांनी स्विचच्या लेखी तिथे कोणीच नव्हतं. काकांनी कॅमेरा बदलला की स्क्रीन न विचारता नव्यानं "मला" म्हणायची आणि स्विचला पुन्हा तेवढ्यापुरतं आठवायचं.

मधल्या मोठ्या स्विचवर एक ओळ टाकली, आता प्रश्न तू विचार म्हणून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चित्र हलतच राहिलं. "काका, कागद काढा आता," मी म्हटलं. त्यांनी तो अलगद सोडवला, उलटा केला, पाठीमागे माझा मोबाईल नंबर लिहून घेतला आणि परत तिथेच चिकटवला.