जोड लावणारा पंच आणि रँकचा आकडा

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लावणारा पंच काही वजनकाटा घेऊन बसत नाही. तो पोराचा बांधा बघतो, कुस्तीनं कान मोडलेत का ते बघतो, कुठल्या तालमीचा ते विचारतो. परगावचा अनोळखी पोरगा असला तर आधी नारळाच्या कुस्तीवर सोडतो, आणि त्यानं लागोपाठ तिघांना चीत केलं की थेट पाचशेच्या जोडीत उभा करतो. ऑनलाइन गेममधलं मॅचमेकिंग, म्हणजे कुणाची जोड कुणाशी हे ठरवणारी सिस्टिम, हेच करतं, फक्त कानाऐवजी एक आकडा बघतं. तो आकडा म्हणजे तुमचे मार्क नव्हेत, सिस्टिमनं बांधलेला अंदाज आहे. 'जिंकलो तर प्लस दहा, हरलो तर मायनस वीस' या खेळाडूंच्या रडगाण्याचं मूळ इथंच आहे.

हिशेब मुळात बुद्धिबळातला. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या, म्हणजे त्या आकड्यांमधल्या, फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची: १०० चा फरक असेल तर वरचा ६४ टक्के वेळा जिंकणार, २०० ला ७६, ४०० ला ९१. आता एका मॅचला जास्तीत जास्त ३२ पॉइंट हलतात असं धरा. तुमची टीम १६०० ची, समोरची १५०० ची. जिंकलात तर साडेअकरा मिळतील, हरलात तर साडेवीस जातील. चिडू नका, शंभरात ६४ मॅच मारल्या तर जमा-खर्च बरोबर शून्यावर येतो.

पण अनोळखी पोराचं काय? त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत रेटिंगच्या जोडीला दुसरा आकडा असतो, अनिश्चिततेचा. नवा खेळाडू १५०० वर, अनिश्चितता ३५०. म्हणजे सिस्टिम म्हणते, हा गडी साधारण ८०० ते २२०० च्या मध्ये कुठंही असेल! म्हणून सुरुवातीला आकडा उड्या मारतो आणि मॅच वाढतील तसा जड होतो. लातूरला नीटच्या तयारीसाठी पोरगं वर्षभर गेम बंद ठेवतं, तेव्हा अनिश्चितता परत वाढते. आल्या आल्या पॉइंट मोठमोठे हलतात ते त्यामुळं. पाच-पाच जणांच्या टीमच्या डोटा २ या गेमनं २०२३ मध्ये ग्लिकोच घेतली. तशाच पाच-पाच जणांच्या व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये दिसणारी रँक वेगळी आणि आतलं लपलेलं रेटिंग वेगळं. रँक आतल्या रेटिंगच्या पुढं गेली की प्लस आटतो, मागं राहिली की वाढतो.

टीम आली की खरा गुंता सुरू होतो. पाचही जण १५०० चे, त्यांची सरासरी १५००. एक २३०० चा आणि चार १३०० चे, त्यांचीही १५००. कागदावर जोड बरोबरीची, मैदानात अजिबात नाही. म्हणून पाच जणांच्या रँकमध्ये फार अंतर असलं तर व्हॅलोरंट पॉइंट कापून देतं. आणि रँक्ड मॅचला, म्हणजे जिथं रँक पणाला लागते तिथं, चौघांचा ग्रुप घेतच नाही (पाचवा एकटा रँडम मधल्यामध्ये भरडला जातो).

लागोपाठ पाच हरलं की 'सिस्टिम मुद्दाम हरवते' असं सुरू होतं. शक्यता निम्मी-निम्मी असतानाही शंभर मॅचमध्ये कुठंतरी सलग पाच हार येण्याची शक्यता ८१ टक्के आहे. जोड नीट लागली तर विजय पन्नास टक्क्यांच्या आसपासच राहणार.

रात्री तीनला रांगेत खेळाडू कमी असतात. जितकं थांबाल तितकी सिस्टिम रेटिंगची मर्यादा सैल करते, आणि मग कुणीही समोर येतो. अगदी वरच्या रँकवाल्यांना हा त्रास भरदिवसाही होतो.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या गेमची गोष्ट निराळी. तिथं शेवटपर्यंत टिकणं आणि किल यांवर पॉइंट मिळतात, खालच्या टियरमध्ये (पायऱ्यांमध्ये) लॉबीत बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, भरलेले असतात. त्यामुळं क्राउन या टियरपर्यंतची रँक कसबापेक्षा बसकच जास्त मोजते, असं आमचं स्पष्ट मत. सगळ्यात वरचा कॉन्करर मात्र पहिल्या पाचशेंनाच, तिथं खरी झटापट.

राहिली लाइट. ती गेली की राउटर बंद, टीम चौघांवर, आणि रेटिंगला कारण कळत नाही. हार ती हार, वर मॅच सोडल्याचा दंड. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्या किंवा जास्त अँपिअरचा छोटा यूपीएस (लाइट गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी) मध्ये जोडा. व्होल्ट चुकले तर राउटर जळतो. तोवर मोबाइलवर खेळत असाल तर डेटा चालू ठेवा, म्हणजे वाय-फाय तुटताच परत आत शिरता येईल.