संधिवात असलेले मूल आणि शाळेतील खेळाचा तास

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे येणारे काही पालक उपचारांबरोबर एक चिठ्ठीही मागतात. ‘विद्यार्थ्यास संधिवात असल्यामुळे वर्षभर खेळाच्या तासातून सूट मिळावी’ असा मजकूर त्यांना हवा असतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशी सरसकट सूट देणारी चिठ्ठी मी लिहून देत नाही. त्यामुळे आईवडील दुखावतात आणि ते मी समजू शकते, कारण रात्री गुडघा धरून रडणारे मूल त्यांनी पाहिलेले असते आणि त्याला आणखी त्रास होऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. तरीही ही चिठ्ठी मुलाच्या हिताची नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी आजाराविषयी थोडे सांगते. वयाच्या 16 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे ‘जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’. डॉक्टरांच्या कागदावर ते ‘जेआयए’ असे लिहिलेले असते. जगभरात हजार मुलांमागे साधारण एकाला हा आजार असतो, असे मानले जाते. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आणते. दही-केळी खाण्याने किंवा पावसात भिजण्याने तो होत नाही आणि पळापळ केल्यानेही होत नाही. ‘एवढ्या लहान मुलाला कुठला संधिवात?’ असे म्हणून वाढीच्या वयातले दुखणे समजण्यात अनेक घरांचे कितीतरी महिने निघून जातात.

सांधा सुजला की आत द्रव साठतो आणि त्या सांध्याभोवतीच्या स्नायूंना मेंदूकडून मिळणारी चालना मंदावते. गुडघ्याच्या बाबतीत हे फार लवकर दिसते. मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो आणि गुडघा थोडा वाकवून ठेवला की दुखणे कमी वाटते म्हणून मूल तो तसाच वाकवून ठेवते. माझ्याकडे आलेल्या एका पाचवीतल्या मुलीला मी तपासणीच्या टेबलावर दोन्ही पाय सरळ करून बसवले, तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्याखालून माझी बोटे सहज पलीकडे जात होती, म्हणजे तो पूर्ण सरळ होतच नव्हता. टेपने मोजल्यावर उजव्या मांडीचा घेर डाव्यापेक्षा कमी भरला. घरच्यांच्या मते ती ‘आता बरी’ होती, कारण ती दुखते असे म्हणत नव्हती. प्रत्यक्षात तिने जिने चढणे, उकिडवे बसणे आणि मैत्रिणींबरोबर धावणे हळूहळू सोडून दिले होते. शिवाय दीर्घकाळ सुजलेल्या गुडघ्याजवळ रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे लहान वयात तिथले हाड जास्त वेगाने वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. अशा पायाला विश्रांती दिली की सांधा आणखी आखडतो आणि स्नायू आणखी रोडावतो. पुढे तोच कमकुवत स्नायू सांध्याला आधार देऊ शकत नाही आणि थोडेसे चालले तरी दुखू लागते.

एकेकाळी वैद्यकशास्त्रही विश्रांतीच सांगत असे. संधिवाताच्या मुलांना दीर्घकाळ अंथरुणात ठेवले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील टॅप्लो येथील कॅनेडियन रेड क्रॉस मेमोरियल हॉस्पिटलमध्ये एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अ‍ॅन्सेल या डॉक्टरांनी या मुलांवर जे काम केले, त्यातून त्यांना अंथरुणातून उठवून हालते-चालते ठेवण्याची पद्धत रुजली. तेव्हा हातात फारशी औषधे नव्हती. आज आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट आहे, सांध्यात देण्याची स्टेरॉइडची इंजेक्शने आहेत आणि 1999 पासून मुलांच्या संधिवातासाठी एटानरसेप्टसारखी, सूज आणणारा नेमका घटक रोखणारी जैविक औषधेही उपलब्ध होत गेली आहेत. सूज आटोक्यात आणण्याचे काम औषधांचे आहे आणि कोणताही व्यायाम त्यांची जागा घेऊ शकत नाही, हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगते. मात्र सूज उतरल्यावर गेलेली ताकद आपोआप परत येत नाही. ती हालचालीनेच कमवावी लागते.

टोरांटोमध्ये 8 ते 16 वर्षांच्या 80 मुलांवर झालेला आणि 2007 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. 12 आठवडे एका गटाला दमवणारा एरोबिक व्यायाम दिला गेला आणि दुसऱ्या गटाला छी-गाँग या संथ चिनी व्यायामप्रकाराचे धडे. दोन्ही गटांतल्या मुलांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता सुधारली, व्यायामाने आजार बळावला नाही आणि संथ व्यायामाच्या गटातील मुले अधिक नियमित राहिली. मूल जो व्यायाम टिकवेल तोच त्याला द्यावा, असा त्याचा अर्थ मी घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे आणि अपंगत्व असलेल्या मुलांनाही तीच शिफारस लागू केली आहे. संधिवाताचे मूल तिथपर्यंत काही महिन्यांत पोहोचले तरी चालेल.

प्रत्यक्षात काय करावे हे मुलाच्या सांध्यांवर ठरते. सायकल आणि पोहणे यांत गुडघ्या-घोट्यांवर भार कमी येतो, म्हणून सुरुवात बहुधा तिथून होते. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण मनगट सुजलेले असेल तर तळहातांवर भार न देता मुठींवर किंवा कोपरांपासून पुढचे हात टेकवून ते करता येतात. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून झटक्याने उठून धावावे लागते, तेव्हा गुडघा पूर्ण शांत झाल्याशिवाय मी त्याला परवानगी देत नाही. आजार आटोक्यात आल्यावर मात्र कबड्डी किंवा फुटबॉल खेळायलाही हरकत नसते. मी पालकांना एक साधी खूण सांगते: खेळल्यावर थोडे दुखले तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा नेहमीपेक्षा जास्त आखडला किंवा सुजला असेल तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले होते असे समजून ते कमी करावे.

वेळेचाही विचार हवा. या मुलांचे सांधे सकाळी आखडलेले असतात आणि सकाळच्या सत्रातील शाळेत पहिलाच तास कवायतीचा असला तर ते मूल मागे पडणारच. अर्धा तास लवकर उठून गरम पाण्याने अंघोळ केली की बराच फरक पडतो. मेथोट्रेक्सेट शनिवारी रात्री घेणाऱ्या मुलाला रविवारी मळमळ होत असेल, तर पोहण्याचा क्लास रविवारी सकाळी ठेवू नये.

किशोरवयीन मुलांची मला अधिक काळजी वाटते. नववी-दहावीत शाळा, क्लास आणि अभ्यास यांत मूल तासन्‌तास एका जागी बसते आणि सांधे आखडतात. याच वयात हाडांची घनता वेगाने वाढायची असते आणि आजार व स्टेरॉइड या दोन्हींमुळे ती घटण्याचा धोका असतो. मित्रांसमोर वेगळे दिसायला नको म्हणून ही मुले दुखणे लपवतात, तर काही जण खेळणेच टाळतात. त्यांच्यावर व्यायामाचा तक्ता लादून काही साध्य होत नाही. नाच आवडणाऱ्या मुलीला गॅदरिंगच्या नाचात उतरू द्यावे, तोही व्यायामच आहे.

थांबवण्याची वेळही येते. ताप आणि पुरळ येत असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर खेळ बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवावे. मानेच्या सांध्यांना आजार असेल तर कोलांटउड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय खेळू नयेत. सांध्यात इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवस त्या सांध्याला जपावे.

म्हणून मी जी चिठ्ठी देते, ती क्रीडाशिक्षकांना उद्देशून असते. मुलाचे कोणते सांधे आजारी आहेत, ते काय करू शकते, काय तूर्त टाळायचे, दुखल्यास त्याला परवानगी न मागता बसण्याची मुभा असावी आणि बसून झाल्यावर पुन्हा खेळात घ्यावे, एवढे त्यात लिहिलेले असते. खाली तारीख असते आणि ती चिठ्ठी तीन महिन्यांपुरतीच असते, कारण तेवढ्या काळात सांध्यांची स्थिती बदलते. गणपतीच्या सुट्टीच्या सुमारास मूल पुन्हा तपासणीला आले की टाळायच्या गोष्टींची यादी बहुतेक वेळा कमी करता येते.