तुम्ही विचारलंत म्हणून: घराची उंची आणि घेवड्याच्या बरण्या

जानेवारीत आमच्याकडे जेवायला आलेल्यांच्या पानात श्रावणघेवड्याची भाजी पडते. बाहेर बर्फ, आणि घेवडा मात्र आमच्याच परसातला. मग बरण्यांचं कपाट उघडून दाखवावं लागतं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद सगळ्यांच्या नजरेत येतो : ६,०८० फूट, १४ पौंड. ‘हे काय आहे? आणि घराची उंची इतकी नेमकी कळली कशी?’ मंडळातल्या दोघीतिघींनी यंदा प्रेशर कॅनर, म्हणजे भाजीच्या बरण्या वाफेच्या दाबाखाली शिजवून टिकवायचं मोठं भांडं, घेतला, त्यांचेही याच प्रश्नासाठी फोन आले. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही राहतो अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या पार्करला, डेन्व्हरच्या आग्नेयेला. डेन्व्हर म्हणजे समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, ५,२८० फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. कॅनरबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती उंचीवर किती दाब ठेवायचा याचा तक्ता होता : डायलच्या, म्हणजे काट्याने दाब दाखवणाऱ्या कॅनरला २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४,००० पर्यंत १२, ६,००० पर्यंत १३ आणि ८,००० पर्यंत १४. मी ५,२८० धरले, काटा १३ वर ठेवला आणि क्वार्टच्या (साधारण लिटरभराच्या) सात बरण्या पंचवीस मिनिटं शिजवल्या. झाकणं टक्‌टक्‌ करत बसली तेव्हा फार आनंद झाला होता.

आठ दिवसांनी कॅसल रॉकला जाताना गावाच्या हद्दीवरची हिरवी पाटी दिसली. कोलोरॅडोत गावाच्या नावाखाली उंची लिहितात. तिथला आकडा सहा हजारांच्या वरचा. आमचं घर तर पार्करमध्येही चढावर आहे. घरी आल्याआल्या यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या नकाशावर आमचं छप्पर शोधलं आणि बोट ठेवलं. ६,०८०.

नवरा म्हणाला, “ऐंशी फुटांनी काय होतंय?” प्रश्न रास्त होता, म्हणून कागदावर बेरीज करून दाखवली. डायल दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. वाफ किती तापणार हे ठरतं बाहेरचा आणि आतला मिळून. समुद्रकाठी हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, त्यात डायलचे ११ मिळवले की २५.७. सहा हजार फुटांवर हवेचाच दाब उरतो ११.८, म्हणून १४ लावले की २५.८. हिशेब जुळला. आता तिथेच १३ लावून बघा : २४.८. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मारायला वाफ २४० अंश फॅरनहाइटला लागते, आणि त्यासाठी एकूण दाब लागतो साधारण २५ पौंड. म्हणजे १३ चा पट्टा ६,००० फुटांवर येईतो जेमतेम पुरतो. त्याच्या पुढे ऐंशी फुटांची सूट कुणाच्या भरवशावर घ्यायची? हे विष बरणीत झालं तरी वास येईलच, रंग बदलेलच, असं नाही. चाखून बघणं तर मुळीच नाही.

चूक चोवीस तासांच्या आत कळली असती तर नवी झाकणं लावून बरण्या पुन्हा पूर्ण वेळ शिजवता आल्या असत्या. आठ दिवस उलटून गेले होते. सातही बरण्या न उघडता पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. मेच्या अखेरीस पेरलेला, गारपिटीतून जुनी चादर धरून वाचवलेला घेवडा होता तो. फार वाईट वाटलं.

आता उंची शोधायची कशी. तुमच्या गावाचा आकडा घेऊ नका, घराचा घ्या. डोंगराळ भागात एकाच गावात पाचसातशे फुटांचा फरक सहज असतो. यूएसजीएसच्या नकाशावर आपला पत्ता टाकून घरावर टिचकी मारली की त्या ठिपक्याची उंची येते. मी तीच धरते. फोनवर माझा फारसा विश्वास नाही : ओट्यावर ठेवलेल्या एकाच फोनने सकाळी ६,०४० दाखवले आणि दुपारी ६,११०. शिवाय तुमचा फोन मीटरमध्ये असेल तर १,८५३ वाचून ‘दोन हजारांच्या आत’ म्हणाल आणि काटा ११ वर ठेवाल. हे एकीच्या बाबतीत झालंय, म्हणून मुद्दाम सांगते. हवामानाच्या बातम्यांतला हवेचा दाबही उपयोगाचा नाही, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. पाणी उकळून थर्मामीटर घालून बघण्याची युक्ती मला आवडते. आमच्याकडे पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणून डाळीला इतका वेळ लागतो. पण पाचशे फुटांमागे फरक पडतो जेमतेम अर्ध्या अंशाचा, आणि हवा बदलली की तोही हलतो. ५,९०० आणि ६,१०० मधला निवाडा त्यातून होत नाही.

डेन्व्हरच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘एक मैल’ दाखवणाऱ्या खुणा तीन आहेत. पंधराव्या पायरीवर १९४७ मध्ये अक्षरं कोरली, १९६९ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी मोजून अठराव्या पायरीवर चकती बसवली आणि २००३ च्या मोजणीत मैल तेराव्या पायरीवर आला. पाहुण्यांना मी तिन्ही दाखवते. एवढ्या तीन फुटांनी बरण्यांचं काही बिघडत नाही. पण आपलं घर तक्त्यातल्या रेषेच्या पन्नासशंभर फूट खाली असेल तर सरळ वरचा पट्टा धरावा. घेवडा थोडा मऊ होईल, इतकंच.

डायलऐवजी झाकणावर वजन बसवायचा कॅनर असेल तर काम सोपं : १,००० फुटांपर्यंत १० पौंड, त्यावर सगळीकडे १५. पुण्याहून सासूबाईंनी विचारलं, “अगं, आपल्या कुकरला चार शिट्या केल्या की झालं ना?” नाही होत. तक्त्यातली मिनिटं मोठ्या कॅनरवर ठरवलेली आहेत, ज्यात क्वार्टच्या निदान चार बरण्या उभ्या राहतात. त्याला तापायला आणि निवायला लागणारा वेळही त्या हिशेबात धरलेला असतो. आपला कुकर झटकन तापतो, झटकन निवतो. कॅनरमध्ये आधी दहा मिनिटं वाफ मोकळी सोडून आतली हवा काढावी लागते, ती वेगळीच. आणि हो, पुणंही १,००० फुटांच्या वरच आहे. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर उंची मीटरमध्ये लिहिलेली असते, साडेपाचशेच्या वर. लहानपणी ती पाटी मोठ्याने वाचायचे, आकडा कशासाठी ते ठाऊक नव्हतं.

टोमॅटोला प्रेशर नको, बाटलीतला लिंबाचा रस घालून उकळत्या पाण्यात चालतं म्हणाल, तर तिथेही उंची लागतेच. कुस्करलेल्या टोमॅटोच्या पिंटच्या (अर्ध्या क्वार्टच्या) बरणीला समुद्रकाठी ३५ मिनिटं, ६,००० फुटांपर्यंत ४५, त्यावर ५०.

उंची एकदा सापडली की पुन्हा शोधावी लागत नाही. डायल मात्र दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-स्वयंपाकाचा सल्ला देणाऱ्या कचेरीत, डायलसकट कॅनरचं झाकण घेऊन गेलं की तिथे लावून बघतात. दोन पौंडांहून जास्त चुकत असेल तर नवा घ्यायचा. मी मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाते. तुमची झाकणं आणून दिलीत तर सगळी एकदमच नेईन.